लेकीला वेस्ट पॉइंटला जायचंय. नॉमिनेशनला ओळख लागते का?

अंगणवेल (न्यू जर्सी), ९ एप्रिल

मुलगी अकरावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात हडसनच्या काठाने फिरायला गेलो होतो, तेव्हा वेस्ट पॉइंटची, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अकादमीची, बसमधली टूर घेतली. परतीच्या वाटेवर गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. आठवड्याने म्हणाली, "आई, मला इथे अर्ज करायचाय." म्हटलं, उतरेल चार दिवसांत. नाही उतरलं. पहाटे उठून पळते, दाराच्या चौकटीला बार लावून घेतलाय.

आता कळतंय की नुसता अर्ज भरून भागत नाही. तिथे जायला सिनेटरचं किंवा काँग्रेसमनचं नॉमिनेशन हवं. मी शाळेत शिकवते, नवरा औषधांच्या कंपनीत. निवडणुकीला मत देण्यापलीकडे आमचा कुणा राजकारण्याशी संबंध आलेला नाही. आमदाराचं पत्र म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, तेच माझ्याही आलं: कुणाच्या तरी दिवाणखान्यात हात जोडून बसायचं. आमच्या ओळखीत या वाटेने कुणीच गेलेलं नाही, सगळी मुलं इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल. कुणाला अनुभव असेल तर सांगा. वशिला लागतो का? कधी सुरुवात करायची? आम्ही आईबापांनी काय करायचं?

पोटोमॅककाठ (व्हर्जिनिया)

अंगणवेल, मुलगा ॲनापोलिसला, इथल्या नौदलाच्या अकादमीत, तिसऱ्या वर्षाला आहे. सविस्तर लिहितो.

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर: वशिला लागत नाही. नॉमिनेशन हा शब्दच आपल्याला फसवतो. ते शिफारसपत्र नाही, तीही एक निवडप्रक्रियाच आहे. तिला वेगळा अर्ज, वेगळे निबंध, वेगळी मुलाखत. अकादमीत एकीकडे अर्ज चालू असतो आणि दुसरीकडे हे. दोन्ही जमलं तर प्रवेश. नॉमिनेशन मिळूनही प्रवेश न मिळालेली मुलं पुष्कळ.

तुम्हाला चार दारं आहेत: तुमच्या राज्याचे दोन सिनेटर, तुमच्या मतदारसंघाचा काँग्रेसमन, आणि उपराष्ट्राध्यक्ष. चारही ठिकाणी अर्ज करायचा. उपराष्ट्राध्यक्षांच्या जागा देशभरासाठी अगदी मोजक्या, पण अर्ज साधा आहे, सोडू नका. आईवडील अमेरिकी सैन्यात असतील तर राष्ट्राध्यक्षांच्या कोट्यातलं पाचवं दार उघडतं, तुमचा तो प्रश्न नाही.

प्रत्येक सिनेटर-काँग्रेसमनच्या नावावर एका अकादमीत एका वेळी पाचच विद्यार्थी असू शकतात. कुणी पास होऊन बाहेर पडला किंवा सोडून गेला की जागा रिकामी. त्या एका जागेसाठी ते दहा-पंधरा नावं पाठवू शकतात. ती पाठवण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. कुणी एकाला पहिला क्रमांक देतात, तो सर्व निकषांत बसला तर जागा त्याची. कुणी नुसती यादी देतात आणि "तुम्हीच निवडा" म्हणतात. तुमच्या ऑफिसची रीत कोणती ते फोन करून विचारा, सांगतात.

आणि तो फोन लेकीने करायचा. तुम्ही नाही.

जुईली

वाचतेय. पुतण्याला पाठवते हा धागा.

साताराकर

आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी गावात कुणालाही विचारा, भरतीला वशिला लागत नाही, छाती लागते. तिकडेही तसंच दिसतंय. पोरीला शुभेच्छा!

खडकवासला८४ (पुणे)

नमस्कार. खडकवासल्याच्या एनडीएचा माजी छात्र, आता निवृत्त. अमेरिकेतली पद्धत मी परदेशी सहकाऱ्यांकडून ऐकली होती, इथे नीट समजतेय.

आपल्याकडे नॉमिनेशन नाही. यूपीएससीचा पेपर: गणित ३००, सामान्य क्षमता ६००. मग एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, ९००. पाच दिवस. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त मुलं स्क्रीन आउट होऊन संध्याकाळच्या गाडीने घरी. उरलेल्यांच्या अंगावर चेस्ट नंबर, आणि त्या नंबरामागे बाप कोण हे कुणाला ठाऊक नसतं. मला तीच पद्धत न्याय्य वाटते. खासदाराच्या ऑफिसने सैनिकी अधिकारी निवडायचे ही कल्पना माझ्या गळी उतरत नाही.

आपल्याकडेही एकेकाळी नामनिर्देशन होतं, हे मात्र नव्या पिढीला ठाऊक नसतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या सैनिकी अकादमीत हिंदुस्थानी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या, त्या नेमणुका सरकारमार्फत होत आणि घराणं बघितलं जाई. १९३२ मध्ये डेहराडूनला आयएमए (इंडियन मिलिटरी अकादमी) उघडली तेव्हा पहिल्या तुकडीत ४० जण: १५ खुल्या स्पर्धेतून, १५ सैन्यातल्या जवानांमधून, १० संस्थानांच्या फौजांतून. सॅम माणेकशॉ त्याच तुकडीतले. ती खुल्या स्पर्धेची फट उघडली नसती तर माझ्यासारखा तालुक्याच्या गावातल्या पोस्टमनचा मुलगा खडकवासल्याला पोचलाच नसता.

पोटोमॅककाठ

सर, तुमचा आक्षेप समजतो. पण इथल्या पद्धतीमागचा विचारही बघा. वेस्ट पॉइंट १८०२ चं. सुरुवातीची काही दशकं कुणाला घ्यायचं हे वॉशिंग्टनमधल्यांच्या मर्जीवर होतं, आणि ओळखीच्या घरांतली मुलं भरतात अशी ओरड होती. १८४३ च्या कायद्याने प्रत्येक मतदारसंघाला जागा बांधून दिली. म्हणजे नेब्रास्कातल्या शेतकऱ्याच्या मुलालाही त्याच्या भागाची जागा. अधिकारी सगळ्या देशातून यावेत यासाठी केलेली ती वाटणी आहे.

शिवाय अलीकडे बहुतेक ऑफिसं एक समिती बसवतात. निवृत्त अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक, गावातली दोन-चार जाणती माणसं. ते मुलाखत घेतात आणि क्रम लावतात. शेवटची सही नेत्याची, हे खरं. त्या सहीत गडबड होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही.

टेक्ससतात्या

माझ्या आईला फोनवर सांगितलं की नातवाला काँग्रेसच्या माणसाचं पत्र लागतं. ती म्हणाली, "मग आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारू का? तो काँग्रेसचाच आहे." तिला अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाली, "पत्र तर देईल ना पण?"

माझ्या मोठ्याने दोन वर्षांपूर्वी एअर फोर्स अकादमीसाठी प्रयत्न केला होता. नॉमिनेशन मिळालं, मेडिकलला अडकला. त्यावर सवडीने लिहितो.

अंगणवेल

तात्या, आमच्याकडे सासूबाईंनी हाच प्रश्न विचारला. 😄

पोटोमॅककाठ, किती नीट सांगितलंत! रात्री लेकीला शेजारी बसवून वाचून दाखवलं. "फोन मी करायचा?" म्हणत घाबरली, आणि सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना करून मोकळी झाली. पलीकडच्या बाईंनी दहा मिनिटं बोलून सगळं सांगितलं.

खडकवासला सर, तुमचा प्रतिसाद माझ्या वडिलांना पाठवला. ते नाशिकचे. लहानपणी भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानाबाहेर उभं राहून घोडेस्वारी बघायचे.

नीरजा_के

मला एक वेगळाच प्रश्न आहे, राग मानू नका. आपण इथे शिकायला, कमवायला आलो. मुलांनी डॉक्टर व्हावं, हवं ते व्हावं, पण दुसऱ्या देशाच्या सैन्यात? उद्या कुठल्या युद्धात पाठवतील त्याचा भरवसा नाही. आईचा जीव म्हणून विचारते.

अंगणवेल

राग कशाला? हाच प्रश्न मी सहा महिने रोज रात्री स्वतःला विचारलाय.

तिचा जन्म न्यू ब्रन्सविकचा. "दुसरा देश" हा माझ्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला. ती मला म्हणाली, "तू नागरिकत्वाची शपथ घेतलीस तेव्हा त्यात शस्त्र धरण्याचंही वाक्य होतं. तू ते म्हणालीस ना?" म्हणाले होते. हात वर करून म्हणाले होते. त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

भीती गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही.

खडकवासला८४

नीरजाताई, माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, फक्त "दुसरा देश" हे शब्द सोडून. गाडी सुटेपर्यंत ती रडली नाही. नंतर रडली, असं धाकट्या भावाने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

शमी (मेरीलँड)

एक व्यवहारातली गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) देत नाही. मुलीचं ओसीआय काढायचं मनात असेल तर हा नियम आधी वाचा. आजीला भेटायला नाशिकला जायचं तर व्हिसाचा विचार करावा लागतो. ज्यांच्याकडे आधीच कार्ड आहे त्यांनी वकिलातीला लेखी विचारावं.

टेक्ससतात्या

मेडिकलबद्दल लिहितो म्हणालो होतो.

अकादम्यांची वैद्यकीय तपासणी सैन्याच्या एका मध्यवर्ती मंडळाकडून होते, इथे सगळे त्याला डॉडमर्ब म्हणतात. तेराव्या वाढदिवसानंतर दमा झाल्याची नोंद असेल तर अपात्र. आमच्या मुलाला दमा नाही. चौदाव्या वर्षी एकदा छातीत कफ झाला होता, डॉक्टरांनी इनहेलर लिहून दिला आणि नोंदीत दम्याशी मिळताजुळता एक शब्द टाकला. पंधरा दिवसांत बरा झाला, इनहेलर कपाटात पडून राहिला. ती ओळ तीन वर्षांनी आडवी आली.

अपात्रतेचं पत्र म्हणजे शेवट नाही, अकादमी सूट देऊ शकते. त्यासाठी फुफ्फुसाच्या चाचण्या केल्या, त्या स्वच्छ आल्या. पण कागद फिरत राहिले, आणि एका दवाखान्याने जुन्या नोंदी पाठवायला सात आठवडे लावले. तोवर त्या वर्षाच्या जागा भरल्या. पोरगं दोन दिवस खोलीतून बाहेर आलं नाही. मी बाहेर जिन्यावर बसून होतो.

म्हणून सांगतो, अंगणवेल, लेकीच्या डॉक्टरकडून सगळ्या नोंदी आत्ताच मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. ॲलर्जी, इनहेलर, चष्म्याचा नंबर, मोडलेलं हाड, सगळं. खोटं काही लिहायचं नाही, पण चुकीचं काही लिहिलेलं असेल तर वेळेत दुरुस्त करून घ्या. डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया तर विचारल्याशिवाय करूच नका.

मोठा आता आरओटीसीत आहे, म्हणजे साध्या विद्यापीठात शिकता शिकता अधिकारी होण्याचं प्रशिक्षण. आनंदात आहे, तेही सांगून टाकतो. आरओटीसीच्या शिष्यवृत्तीला नॉमिनेशन लागत नाही आणि अधिकारी तोच होतो.

डॉ_कैरी (पुणे)

तात्यांशी सहमत. आम्ही डॉक्टर घाईत नोंदी करतो, त्यातला एखादा शब्द कुणाच्या वाटेत कुठे उभा राहील याची कल्पना नसते. मी स्वतः आजपासून जास्त जपून लिहीन.

पोटोमॅककाठ

मुलाखतीबद्दल राहिलं होतं.

माझ्या मुलाला पहिल्या वर्षी नॉमिनेशन मिळालं नाही. मार्क उत्तम, पोहण्यात राज्यस्तरावर, निबंध तीनदा तपासलेले. ते निबंध मी तपासले होते. मुलाखतीत विचारलं, "ॲनापोलिस नाही मिळालं तर काय करशील?" तो म्हणाला, कॉम्प्युटर सायन्स करीन. झालं. समितीला हवं असतं ते एवढंच की या मुलाला अधिकारी व्हायचंय की नुसतं नामांकित कॉलेज हवंय. ज्याला अधिकारी व्हायचंय तो म्हणतो, आरओटीसी करीन, पुढच्या वर्षी पुन्हा येईन.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "बाबा, ते उत्तर तुमचं होतं." खरंच माझं होतं. घरी जेवताना मीच तसं शंभरदा म्हणालो होतो.

त्याने एक वर्ष एका विद्यापीठात नेव्हीची आरओटीसी केली आणि पुन्हा अर्ज केला, या वेळी मला एक कागद दाखवला नाही. काँग्रेसमनकडूनही नाव गेलं आणि आरओटीसीच्या युनिटकडूनही. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने 'टू फॉर सेव्हन'वर सही केली. पहिली दोन वर्षं कधीही सोडून जाता येतं, काही देणं लागत नाही. तिसरं वर्ष सुरू होताना सही केली की पुढची सात वर्षं बांधली जातात, दोन शिक्षणाची आणि किमान पाच नोकरीची.

जुईली

"ते उत्तर तुमचं होतं." हे वाचून थांबले.

शमी

नावाची भानगड कुणीच लिहिली नाही! आपल्या मुलांच्या पासपोर्टवर मधलं नाव बापाचं, शाळेत ते गाळलेलं, एसएटीवर नुसतं आद्याक्षर. आमच्या मुलीचे अकादमीतले आणि सिनेटरच्या ऑफिसातले कागद दोन वेगळ्या नावांनी गेले. नॉमिनेशन झालेलं होतं, पण अकादमीच्या खात्यावर दिसेना. जानेवारीत धावपळ करून जुळवलं. ३१ जानेवारीपर्यंत ऑफिसांना नावं पाठवावी लागतात. पहिल्या दिवसापासून पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं सगळीकडे लिहा.

खडकवासला८४

शमीताई, यावरून आठवलं. जनरल ग्रँट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, यांचं खरं नाव हायरम युलिसिस ग्रँट. १८३९ मध्ये त्यांच्या भागाचे काँग्रेसमन टॉमस हेमर यांनी नॉमिनेशन पाठवताना नाव चुकून युलिसिस एस. ग्रँट लिहिलं. वेस्ट पॉइंटच्या दप्तरात तेच चढलं आणि ते जन्मभर त्याच नावाने राहिले. इतिहासात ते युलिसिस एस. ग्रँट म्हणून उरले ते असे.

अंगणवेल, मुलीचं व्यायामाचं कसं चाललंय?

अंगणवेल, ३० ऑगस्ट

सर, तयारी जोरात. पुल-अप, सिट-अप, पुश-अप, शटल रन, एक मैल धावणं हे सगळं ठीक. गुडघ्यावर बसून बास्केटबॉल फेकायचा असतो, तिथे अडलंय. तिचे बाबा रोज संध्याकाळी अंगणात चेंडू आणून द्यायला उभे असतात.

पुल-अप सध्या तीन.

खडकवासला८४

तीनाच्या सहा करायच्या. रोज एक अर्धी का होईना जास्त. उतरताना सावकाश उतरायला सांगा, ताकद तिथे येते. खडकवासल्याला २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आली. २०२५ च्या मे महिन्यात त्यातल्या सतरा जणी पास आउट झाल्या. त्या दिवशी मी मैदानात होतो. माझ्या वेळी तिथे मुली असतील असं कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो, आणि ते चुकलं असतं. वेस्ट पॉइंटने हे १९७६ मध्येच केलं होतं.

साताराकर

आमच्या भाचीने एनडीएचा पेपर दिलाय सर. नंतर तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवू का? एसएसबीबद्दल विचारायचंय.

खडकवासला८४

जरूर. पण निरोप भाचीला पाठवायला सांगा.

पोटोमॅककाठ

😀 शिकलात सर.

अंगणवेल, ६ डिसेंबर

मुलाखती झाल्या. काँग्रेसमनच्या ऑफिसात पाच जण समोर, एका सिनेटरच्या वेळी तिघे. आम्हाला पार्किंगमध्येच थांबायला सांगितलं होतं तिने. ब्लेझर घालून एकटी चालत गेली. चाळीस मिनिटांनी आली.

एका निवृत्त कर्नलने विचारलं, "घरच्यांना काय वाटतं?" ही म्हणाली, "आईला भीती वाटते. ती मला तसं सांगते, आणि तरी सकाळी पावणेपाचला माझ्याआधी उठून दिवा लावते." हे तिने घरी येऊन मला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं, त्यांनी मला.

"वेस्ट पॉइंट नाही मिळालं तर?" हा प्रश्न आलाच. उत्तर काय दिलं ते मी विचारलेलं नाही.

नीरजा_के

अंगणवेल, मीही दिवा लावते आहे तिच्यासाठी.

अंगणवेल, १९ जानेवारी

सिनेटरच्या ऑफिसातून फोन आला. नॉमिनेशन मिळालं! नुसती यादी जाणार आहे, क्रम नाही, निवड अकादमी करणार. काँग्रेसमनकडून नकार. मेडिकलने डोळ्यांचा आणखी एक कागद मागितलाय, तो उद्या जातोय. तात्या, नोंदी एप्रिलमध्येच मागवल्या होत्या, तुमच्यामुळे. त्यात एक जुनी चूक सापडली, ती दुरुस्त झालीय.

प्रवेशाचं कळायला वसंत ऋतू उजाडेल. आरओटीसीचा अर्जही गेलाय, तिने स्वतःहून केला.

खडकवासला सर, पुल-अप सात.

खडकवासला८४

शाब्बास. तिला सांगा, पुण्याहून एका म्हाताऱ्याचा सॅल्यूट.

नवा_पाहुणा (ओहायो)

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. मुलगा नववीत आहे आणि त्याला हेच करायचंय, पण आम्ही सगळे ग्रीन कार्डवर. काही मार्ग आहे का?

पोटोमॅककाठ

अकादमीत दाखल व्हायच्या दिवशी अमेरिकी नागरिक असावं लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. पण मुलगा अठराच्या आत असेल, ग्रीन कार्डवर तुमच्याजवळ राहत असेल, आणि तुमच्यापैकी एक जण नागरिक झाला, तर तोही आपोआप नागरिक होतो. मग त्याचा पासपोर्ट काढून पुरावा हाती ठेवा. नागरिकत्वासाठी लागणारी तुमची ग्रीन कार्डावरची पाच वर्षं कधी भरतात ते आज रात्रीच मोजा. आणि तुमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला नागरिकत्वाचा पुरावा कोणत्या तारखेपर्यंत लागतो ते मुलाला फोन करून विचारू द्या.